तिसऱ्या दिवसाचा फोटो नाही

निघायच्या आदल्या रात्री

अर्धी भरलेली बॅग पलंगावर पडली होती आणि मी लॅपटॉपवर साइटचा मेन्यू डावीकडून उचलून वर नेत होते. नेला. मग वाटलं, डावीकडेच बरा होता. परत आणला. तोवर साडेअकरा वाजले.

माझ्या प्रवासातल्या फोटोंची एक साइट आहे, २००४ पासूनची. तिच्यावर वर्षाकाठी जेमतेम एखादी सहल चढते, पण तिची आजवर सात रूपं झाली आहेत. आठव्या रूपाचा मुहूर्त या सुट्टीत काढला होता. सुट्टी विश्रांतीसाठी आहे, असं सगळ्यांना सांगून झालं होतं. डॉक्टरांनाही.

"चार्जर घेतलास ना?" मावशीने दारातून विचारलं. तीन घेतले होते. शिवाय दोन लेन्स, ट्रायपॉड, लॅपटॉप आणि एक जाडजूड पुस्तक, जे दर सहलीला माझ्यासोबत येतं आणि न उघडता घरी परततं. मावशीची मात्र एकच पिशवी, आणि त्यात तिची स्वतःची उशी.

कुठे गेलो होतो ते लिहीत नाही. एक तळं, पलीकडे दोन डोंगर, अलीकडे एक खोली, एवढ्यावर भागवा. नाव कळलं की वाचणारा आधी त्या जागेचे फोटो शोधतो, मग माझं तळं त्या तळ्याशी ताडून बघतो. फोन आणि हल्लीचे काही कॅमेरे फोटोच्या पोटात जागेचे अक्षांश-रेखांशही लिहून ठेवतात. ते मी चढवण्याआधी पुसून टाकते.

पहिला दिवस

सहा तासांचा रस्ता. चालत्या गाडीतून फोटो काढण्यात काही अर्थ नसतो, हे ठाऊक असूनही काढले. जवळचे खांब आणि कुंपणं रेघोट्यांसारखी पुसली जातात, दूरचा डोंगर मात्र ढिम्म. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नेलं तर खांबही जागच्या जागी थिजतो, पण मग काचेतलं स्वतःचंच नाक दिसायला लागतं. लेन्स काचेला टेकवली की नाक जातं आणि गाडीची थरथर येते. एकूण ६१ फोटो, त्यात ठेवण्याजोगा एकही नाही.

मावशी पहिल्या वळणाला झोपली ती शेवटच्या वळणाला उठली. "आलं का?" एवढंच म्हणाली.

रात्री मला झोप नाही. गादी चांगली होती, अंगात थकवाही होता, पण पंख्याचा आवाज वेगळा, खिडकीची फट वेगळी, दाराची कडी कुरकुरते का वारा आहे, हे चालूच. नव्या जागी पहिल्या रात्री असं होतं हे झोपेचा अभ्यास करणाऱ्यांना जुनंच माहीत होतं. प्रयोगशाळेत झोपायला आलेल्या माणसाच्या पहिल्या रात्रीच्या नोंदी ते बऱ्याचदा बाजूलाच ठेवत. मग २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या मासाको तामाकी, युका सासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की, त्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही. अनोळखी आवाजाला तो जास्त चटकन सावध होतो. डॉल्फिन एका वेळी अर्धाच मेंदू झोपवतात, तसलंच काहीसं, पण पुसट.

मावशीला हे सकाळी सांगितलं. ती म्हणाली, "म्हणून तर उशी आणली. तिला वाटतं आपण घरीच आहोत."

दुसरा दिवस

उजाडायच्या आधी बाहेर. असा उजेड मिळाला की मला बाकी काही सुचत नाही, हे कबूलच करते. सूर्य क्षितिजाच्या जरा खाली असताना सगळं निळं असतं, सावलीच नसते. मग तो वर येतो आणि पाच-सहा अंश चढेपर्यंत उजेडाला सोनेरी झाक असते. त्या वेळी किरणांना हवेचा जाड थर तिरका कापून यावं लागतं, निळा रंग वाटेतच विखुरतो, तांबडा-पिवळा उरतो. आणि उजेड आडवा येतो, म्हणून गवताची पातीनपाती, दगडाचा खडबडीतपणा, पाण्यावरची बारीक सुरकुती, सगळं उठून दिसतं. समोर ते दोन डोंगर, एक थोरला, एक धाकटा, एकमेकांना खांदा लावून उभे. सूर्य धाकट्याच्या डोक्यावरून आला.

दोन तासांत ३४० फोटो. पूर्वी बाबांच्या कॅमेऱ्यात ३६ फोटोंचा रोल असायचा आणि तो दोन सहली पुरायचा. मी त्या सकाळी नऊ रोल उडवले आणि वर सोळा.

मावशी आठ वाजता शाल गुंडाळून आली. तिला फोटोत यायचं असतं, पण उभी राहते नेहमी कडेला. चौकटीच्या अगदी उजव्या टोकाला, एक हात मागे. "मधे ये ना," म्हटलं की, "असू दे, काढ," म्हणते. माझ्याकडे तिचे वीस वर्षांचे फोटो आहेत आणि प्रत्येकात ती अशी जणू चौकटीतून निघूनच चालली आहे.

दहानंतर उजेड डोक्यावर आला. डोळ्यांखाली काळे खड्डे, पाणी पांढरंफटक, डोंगर सपाट पुठ्ठ्यासारखे. अकरा ते चार ही वेळ फोटो काढणाऱ्याने पडून राहायची, असा निसर्गाचाच नियम असावा. मी ती वेळ मेमरी कार्ड रिकामं करण्यात घालवली. मावशीने वामकुक्षी घेतली आणि तीसुद्धा खरोखरची, डाव्या कुशीवर.

कार्डातून फोटो उतरत असताना मला दागेरचा तो फोटो आठवला. लुई दागेर, फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक, पॅरिस, १८३८. खिडकीतून त्याने बुलेव्हार द्यु तांपल या रस्त्याचा फोटो घेतला. रस्ता वाहता होता, घोडागाड्या होत्या, माणसं होती. पण त्या वेळच्या पत्र्यावर चित्र उमटायला काही मिनिटं लागत, त्यामुळे जे जे चालत होतं ते सगळं गळून गेलं. रस्ता पार ओस. फक्त खालच्या डाव्या कोपऱ्यात एक माणूस दिसतो, एक पाय उचलून ठेवलेला. तो बूट पॉलिश करून घेत होता असं मानतात. तेवढा वेळ तो थांबला, म्हणून राहिला. फोटोत आलेला पहिला माणूस बहुधा हाच. त्याचं नाव कोणाला माहीत नाही, आणि आपला फोटो निघतोय हे त्यालाही माहीत नसणार.

मी सेकंदाच्या हजाराव्या भागात काढते. माझ्या फोटोत सगळंच थांबलेलं असतं, थांबायची गरज कुणालाच पडत नाही. मलाही नाही.

संध्याकाळी पुन्हा दीडशे.

तिसरा दिवस

बॅटरी चार्जरला लावली होती, पण भिंतीवरचं बटण दाबलं नव्हतं. दुसरी कॅमेऱ्यात होती, तीही रिकामी. पाच वाजता हे कळलं तेव्हा मी अंधारात उभी राहून स्वतःला दोन-चार शब्द ऐकवले आणि परत आडवी झाले.

उठले तर साडेदहा.

त्या दिवशी काही घडलं नाही. खरंच नाही. दुपारी पुन्हा झोपले. मधल्या वेळात खिडकीशी खुर्ची ओढून बसले, खिडकीत ते दोन डोंगर. पहिला तासभर हात सारखा फोनकडे जात होता. मी तो उलटा करून ठेवला, मग उशीखाली ठेवला, मग मावशीच्या पिशवीत. कंटाळा आला. कंटाळ्याच्या पलीकडे काहीतरी मोठं गवसतं असं लोक सांगतात, मला आणखी कंटाळाच गवसला, जरा मऊ झालेला.

एक मात्र झालं, डोळे हलके वाटले. हे काही मनाचे खेळ नाहीत. जवळचं बघताना डोळ्यातला एक छोटा स्नायू सतत आवळलेला असतो. दूर बघितलं की तो सैल पडतो. दूरचं बघणं ही डोळ्याची बसण्याची जागा म्हणायची. लेन्सवर त्या जागेला आडव्या आठसारखी खूण असते, अनंताची. मी वीस वर्षं लेन्स त्या खुणेवर फिरवत आलेय, डोळे मात्र मागच्या पडद्यावर, वीतभर अंतरावर.

बॅटरी दुपारीच भरली होती. काढली नाही.

चौथा दिवस

पाऊस. म्हणजे लॅपटॉप.

आधी फोटो निवडायला बसले. एका जुन्या लाकडी दाराचे १४ फोटो सापडले. कडी जवळून, कडी लांबून, दार उभं, दार आडवं. आणि मला ते दार आठवेना. वेळ कॅमेऱ्याने लिहून ठेवली होती, दुसऱ्या दिवशीचे संध्याकाळचे ५ वाजून ४० मिनिटं. पण दार तळ्याच्या कुठल्या बाजूला, मी तिथे चालत गेले का वाटेत दिसलं, काही नाही. याचाही एक प्रयोग झालेला आहे. लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी विद्यार्थ्यांना एका संग्रहालयातून फिरवलं. काही वस्तूंचे फोटो काढायला लावले, काही नुसत्या बघायला. दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा ज्यांचा फोटो काढला त्या वस्तू कमी आठवल्या. २०१४ मध्ये छापून आलं ते. त्यातली मला आवडलेली गोष्ट अशी की, ज्यांना वस्तूच्या एखाद्याच भागाचा जवळून फोटो काढायला सांगितला होता, त्यांची आठवण शाबूत राहिली, फोटोत न आलेल्या भागाचीसुद्धा. मी कडी जवळून काढली होती. तरी आठवत नाही. पण मी कडीसाठी थांबले नव्हते, मी लेन्स बदलल्यावर कसं दिसतं ते बघत होते.

मग साइट उघडली, आठव्या अवताराचं काम करायला. आणि का कोण जाणे, आधी पहिले सात बघावेसे वाटले. इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून जगभरच्या पानांच्या प्रती साठवते आहे आणि २००१ पासून कुणालाही त्या बघता येतात. माझी साइटही तिच्या तावडीतून सुटलेली नाही.

२००४ चं पान. काळी पार्श्वभूमी, पिवळी अक्षरं, लाज वाटावी असं. तेव्हा पानाची मांडणी तक्त्याने करायची. तक्ता खरं म्हणजे आकडेवारीसाठी असतो, पण डावीकडे मेन्यू आणि उजवीकडे फोटो बसवायला दुसरं सोपं साधन हाताशी नव्हतं. मांडणीसाठी वेगळी भाषा, सीएसएस, १९९६ मध्येच आली होती, पण प्रत्येक ब्राउझर तिचा आपापला अर्थ लावायचा, म्हणून मी तक्त्यालाच धरून होते. फोटो ६४० गुणिले ४८०, म्हणजे तीन लाख ठिपके. माझा आजचा कॅमेरा दोन कोटी चाळीस लाख ठिपक्यांचा फोटो काढतो. टेलिफोनच्या तारेवरून तेवढासा फोटो उतरायलाही दहा-बारा सेकंद लागायचे, वरून खाली, पडदा सोडावा तसा. तोवर माणूस काय करणार? फोटोखाली लिहिलेलं वाचायचा. म्हणून मी लिहायची. तारीख, वार, कुठून निघालो, कोण सोबत, कुणाची चप्पल तुटली.

गंमत म्हणजे त्या जतन केलेल्या प्रतीत मजकूर सगळा आहे आणि निम्मे फोटो गळालेत. जागोजागी रिकामे चौकोन आणि त्याखाली चप्पल तुटल्याची हकीकत.

तो मजकूरही मला धड वाचता येईना. त्या काळी मराठी लिहायला जो तो आपला वेगळा फॉन्ट वापरायचा. आत साठवलेलं असायचं इंग्रजी अक्षर, फॉन्ट ते देवनागरीसारखं दाखवायचा. फॉन्ट गेला की उरतात नुसती रोमन लिपीतली बोबडी. चप्पल मला आठवत होती म्हणून सापडली. २००९ च्या बदलात मी युनिकोडवर, म्हणजे देवनागरी अक्षर देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीवर आले, तेव्हा जुन्या ओळी पुन्हा टंकायला घेतल्या. शे-सव्वाशे केल्या, दमले, बाकीच्या टाकून दिल्या. फोटो राहिले, त्यांच्याखालचं बोलणं गेलं.

मधली दोन वर्षं फ्लॅशची होती, कॅमेऱ्याच्या नव्हे, पानावर हलती चित्रं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची. फोटो एकमेकांत विरघळत जायचे, मी त्यावर फार खूश होते. आयफोनवर फ्लॅश कधी चाललंच नाही, पुढे इतरत्रही ओसरत गेलं आणि ३१ डिसेंबर २०२० ला अडोबी कंपनीने हातच काढून घेतला. ते पान आज उघडलं तर राखाडी आयत. पुढे २०१० मध्ये इथन मार्कॉट यांनी एकच पान पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपली मांडणी बदलेल अशी रीत मांडली. सगळ्यांनी ती उचलली, दोन वर्षांनी मीही. हा एक बदल मात्र गरजेचा होता. नंतरचे सगळे हौसेचे. पडदाभर फोटो आणि त्यावर एक ओळ. मग ओळही नको. मग चौकोनांची जाळी, तिची न संपणारी गुंडाळी, वर काळी पार्श्वभूमी. म्हणजे फिरून २००४, फक्त पिवळी अक्षरं गेली, कारण अक्षरंच गेली.

आणि जी थोडी उरली त्यांचे हाल विचारू नका. साइटसाठी मिळणारे तयार साचे बहुतेक रोमन लिपीवर बेतलेले. ओळींमधलं अंतर इतकं कमी की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो. शीर्षकात अक्षरं ऐसपैस पसरण्याची फॅशन, तिने रोमन अक्षरं रुबाबदार दिसत असतील. आपली शिरोरेषा मात्र अक्षरागणिक तुटते आणि 'प्रवास' हा शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

मावशी शेजारी येऊन बसली होती. तिला सातवा अवतार दाखवला, जाळीचा, आणि विचारलं, कसं वाटतं?

"मी कुठाय?"

"अगं, या प्रत्येक सहलीत आहेस की."

"दाखव."

मी खाली-खाली सरकत गेले. खरंच नव्हती. माझ्या कॅमेऱ्याची चौकट तीनास दोन, ३५ मिलिमीटर फिल्मपासून चालत आलेली. ती चौकोनात बसवायची तर रुंदीचा तिसरा हिस्सा कापावा लागतो, दोन्ही कडांचा सहावा-सहावा. साचा हे आपोआप करतो, मधलं ठेवतो. मावशी कधी मधे नसतेच. २०१७ पासून ती माझ्या साइटवरच्या जाळीत कुठेही नव्हती आणि मला ते दिसलं नव्हतं. चौकोनावर टिचकी मारली की पूर्ण फोटो उघडतो, त्यात ती आहे. पण टिचकी कोण मारतं?

"आधीचं बरं होतं," ती म्हणाली. "तारखा असायच्या. कुठल्या वर्षी गुडघा दुखत होता ते मला त्यावरून कळायचं."

मी मेन्यू डावीकडेच ठेवला. खरं म्हणजे त्या दिवशी कशालाच हात लावला नाही.

पाचवा दिवस

पाऊस उघडला. सकाळी कॅमेरा घेऊन गेले, पण ट्रायपॉडवर लावला आणि लेन्सवर काळी काच चढवली, म्हणजे शटर तीस सेकंद उघडं ठेवता येतं. तीस सेकंद फार मोठे असतात. पाणी दुधासारखं गुळगुळीत झालं, एक माणूस तळ्याकाठाने चालत गेला तो फोटोत आलाच नाही. मावशीला म्हटलं, हलू नकोस, बघू उमटतेस का. ती उजव्या कडेला जाऊन उभी राहिली.

"आज तरी मधे ये गं. कडेला कापली जातेस तू."

"मधे उभी राहिले तर मागचं तळं कसं दिसणार?" ती म्हणाली. "आपण तळं बघायला आलोय."

वीस वर्षांत मी तिला हे कधी विचारलं नव्हतं. आणि बोलताना ती हलली, त्यामुळे त्या फोटोत तिला दोन चेहरे आहेत, एक तळ्याकडे, एक माझ्याकडे. हाच ठेवलाय. त्या सकाळचे एकूण फोटो ११.

परतीचा रस्ता तोच, सहा तास. पहिल्या वळणाला मीही झोपले.

नंतर

आठवा अवतार झाला, दोन संध्याकाळींत. जाळी काढून टाकली. फोटो एकाखाली एक, काढले त्या क्रमाने, न कापता, वर तारीख आणि वार. ओळींमधलं अंतर वाढवलं, उकार आणि मात्रा आता भांडत नाहीत. पार्श्वभूमी पांढरी. फोटो ४६. दाराचा एक ठेवला, खाली लिहिलं: कुठलं ते आठवत नाही.

अडलं ते तिसऱ्या दिवशी. या साच्यात प्रत्येक दिवसाला एक फोटो द्यावाच लागतो, नाही दिला तर तो स्वतःच एक राखाडी चौकट लावतो, फोटो नसल्याची खूण. ती काढायची तर आतल्या कोडमध्ये शिरावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशीचा एखादा फोटो तिथे सरकवणं सोपं होतं, कुणाला कळलंही नसतं. पण वर तारीख होती. राहू दे म्हटलं, तारखेखाली फक्त 'झोपलो' असं लिहिलं आणि दुवा मावशीला पाठवला.

रात्री तिचा फोन. सगळं शेवटपर्यंत बघितलं होतं. आपल्या दोन चेहऱ्यांवर हसली, गुडघ्याची तारीख लावून झाली. मग म्हणाली, "तिसऱ्या दिवसाचा तो फोटो छान आलाय गं. कुठून काढलास?"

मी पान उघडून बघितलं. ती राखाडी चौकट. या खुणेचं चित्र सगळीकडे जवळपास सारखंच असतं, माझ्या कधी ते ध्यानात आलं नव्हतं: दोन त्रिकोणी डोंगर, एक थोरला, एक धाकटा, आणि धाकट्याच्या डोक्यावर गोल सूर्य.

"खिडकीतून," मी म्हटलं.